बेपत्ता भावाला ‘मृत’ ठरवण्याची घाई नको

प्रश्न: भाऊ नोकरीसाठी परदेशात होता. सात आठवडे फोन बंद आहे. कंपनी म्हणते, काम सोडून गेला. पोलिसांनी ‘हद्द आमची नाही’ म्हणून परत पाठवलं. बँक वहिनीकडे मृत्यूचा दाखला मागते. तो काढून घ्यावा का?

उत्तर: ताई, नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ नुसार सात वर्षं काहीच ठावठिकाणा लागला नाही, तरच मृत्यू गृहीत धरता येतो. तोवर कायद्याच्या लेखी तुमचा भाऊ जिवंत आहे, आणि शोधासाठी तेच सोयीचं आहे.

पोलिसांकडे बेपत्ता झाल्याची तक्रार लेखी द्या, पोच घ्या. अपहरणाचा किंवा फसवणुकीचा संशय असेल तर तो स्पष्ट शब्दांत लिहा. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचं कारण सांगून नाकारता येत नाही (नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). इंटरपोलची पिवळी नोटीस (बेपत्ता माणसाच्या शोधासाठीची) सीबीआयमार्फत निघते, त्यासाठीही ही तक्रार लागेल.

त्याच दिवशी तिथल्या भारतीय दूतावासाला ईमेल करा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नोंद करा. पासपोर्टची प्रत, व्हिसा, शेवटच्या मेसेजचा स्क्रीनशॉट जोडा. मेसेजची वेळ तिथली की इथली, हे लिहायला बहुतेक जण विसरतात. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी माणसाने मागणी केली तरच त्याच्या दूतावासाला कळवणं बंधनकारक असतं, आणि घाबरलेला माणूस ती करेलच असं नाही. म्हणून तुरुंग, रुग्णालयं आणि शवागार या तिन्ही ठिकाणी चौकशी करा, असं दूतावासाकडे नावानिशी मागा. शवागार लिहिताना हात थांबतो, कळतं मला. तरी लिहा.

आता पैसे. वारसनोंद मृत्यूनंतरच कामी येते, त्यामुळे बँकेचं म्हणणं चूक नाही. पण त्याचं एटीएम कार्ड वहिनींनी वापरू नये. खात्यातली हालचाल हा त्याचा माग असतो, तो आपल्याच हातांनी पुसला जातो. त्याचं इथलं सिम मात्र रिचार्ज करत राहा.

विम्याचे हप्तेही थांबवू नका. एलआयसी विरुद्ध अनुराधा या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की सात वर्षांनी मृत्यू गृहीत धरता येतो, मृत्यूची तारीख नाही. मधल्या काळात पॉलिसी बंद पडली तर पूर्ण रक्कम मिळत नाही. पुढचा हप्ता कधी आहे, ते आजच वहिनींना बघायला सांगा.