शस्त्रक्रिया सुरतला, तक्रार मात्र नंदुरबारला

प्रश्न : मी शहादा तालुक्यातील २८ वर्षांचा अविवाहित तरुण आहे. छातीवरील स्तनग्रंथींची वाढ (गायनेकोमास्टिया) काढून टाकण्यासाठी मी १४ महिन्यांपूर्वी सुरतच्या एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया करून घेतली. इन्स्टाग्रामवर जाहिरात पाहिली होती. ७५ हजारांपैकी ४५ हजार यूपीआयने आणि उरलेले रोख दिले. बिल मिळाले नाही. ज्या सर्जनशी बोलणे झाले होते त्यांच्याऐवजी दुसऱ्याच व्यक्तीने शस्त्रक्रिया केली. पुढे उजव्या बाजूस पू झाला, त्यावर नंदुरबारच्या डॉक्टरांनी उपचार केले. आता ती बाजू खोल दबली आहे. क्लिनिक म्हणते, ४० हजारांत पुन्हा शस्त्रक्रिया करू, किंवा ‘काहीही तक्रार नाही’ असे लिहून दिल्यास २० हजार परत देऊ. मी सही केलेल्या इंग्रजी संमतीपत्रात ‘दावा करणार नाही, वाद झाल्यास सुरत न्यायक्षेत्र’ असे छापले आहे. घरी कोणालाही काही ठाऊक नाही. मी काय करावे?

उत्तर : सर्वप्रथम, ‘काहीही तक्रार नाही’ या कागदावर कृपया सही करू नका. शस्त्रक्रियेपूर्वी घेतलेले संमतीपत्र आणि नुकसान झाल्यानंतर पैसे स्वीकारून दिलेले तडजोडपत्र यांचे कायदेशीर वजन एकसारखे नसते; दुसरा कागद आपला दावा जवळजवळ संपवू शकतो. संमतीपत्राला मात्र आपण समजता तेवढे भिण्याचे कारण नाही. न्यायालयात दाद मागण्याचा हक्क पूर्णपणे काढून घेणारी अट भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २८ नुसार निरर्थक ठरते, आणि संमती म्हणजे निष्काळजीपणाला दिलेली परवानगी नव्हे. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे की उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रुग्णाला पुरेसे समजावून सांगितल्यावर मिळालेली संमतीच खरी संमती होय. आपल्याला न समजणाऱ्या भाषेतील छापील कागदावर सही घेतली गेली आणि तो कोणीही समजावून सांगितला नाही, असे असेल तर ते तक्रारीत आवर्जून लिहावे.

आपल्या प्रकरणातील सर्वांत भक्कम मुद्दा दबलेली छाती हा नाही, हे मी स्पष्टपणे सांगतो, कारण बहुतेक तक्रारदार तेथेच चुकतात. पाणी वा रक्त साचणे, जंतुसंसर्ग, दोन्ही बाजू असमान दिसणे हे या शस्त्रक्रियेचे ज्ञात धोके आहेत आणि ते काळजी घेऊनही उद्भवू शकतात; त्यामुळे केवळ परिणाम वाईट आला म्हणून डॉक्टर निष्काळजी होता, असे न्यायालय मानत नाही. परंतु एका सर्जनचे नाव दाखवून, त्याच्या भरवशावर पैसे घेऊन, भूल दिल्यानंतर दुसऱ्याच माणसाच्या हाती शस्त्र देणे, ही सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ती सिद्ध करण्यासाठी वैद्यकीय वादात शिरावे लागत नाही. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण, यूपीआयचे विवरण आणि डिस्चार्ज कार्डावरील सही एवढ्यांतून हा मुद्दा बराचसा उभा राहतो. तो मोबाइल विकू नका आणि त्यातील काही पुसू नका. त्या नोंदी सादर करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

शस्त्रक्रिया करणारी व्यक्ती डॉक्टर तरी होती का, हेही तपासले पाहिजे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत नाव आणि नोंदणी क्रमांक शोधता येतो. नोंद नसेल तर तो आयोगाच्या २०१९ च्या कायद्यानुसार एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. नोंद असेल, तर व्यावसायिक गैरवर्तनाबद्दल त्या डॉक्टरची ज्या राज्य वैद्यकीय परिषदेत नोंदणी असेल तेथे तक्रार करता येईल. परिषद डॉक्टरवर कारवाई करू शकते, भरपाई मात्र देत नाही. पोलीस ठाण्यात आधी धाव घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण जेकब मॅथ्यू प्रकरणातील २००५ च्या निकालानुसार डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो आणि स्वतंत्र, शक्यतो सरकारी, तज्ज्ञाचे मत लागते. शस्त्रक्रिया करणारा नोंदणीकृतच नव्हता असे आढळल्यास गोष्ट वेगळी.

आता मुख्य मार्ग. उपचारासाठी तापी काठाच्या रेल्वेने सुरतला जाणारी आपल्या भागातील माणसे समजतात की भांडणही तेथेच जाऊन करावे लागेल. तसे नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करता येते, म्हणजे आपण नंदुरबारला करू शकता. ‘सुरत न्यायक्षेत्र’ या छापील ओळीवर क्लिनिक हरकत घेईल, तेव्हा हेच कलम दाखवावे. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्याने शुल्क लागत नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, अर्ज केल्यास व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने सुनावणी होऊ शकते आणि वकील नेमण्याची सक्तीही नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे आणि त्यातील १४ महिने गेले आहेत. ‘सूज उतरेल, थोडे थांबा’ या क्लिनिकच्या आश्वासनांनी ती आपोआप वाढत नाही.

घरी कळेल ही भीती मला समजते. पुरुषाने शरीराच्या अशा त्रासावर उपचार घेतले यात लाजण्यासारखे काहीही नाही, आणि अशी क्लिनिके रुग्ण लाजेने गप्प बसेल यावरच विसंबून असतात. तक्रारीत आपले नाव येईल, हे मी लपवत नाही. परंतु छायाचित्रे बंद लिफाफ्यात दाखल करून घेण्याची विनंती आयोगाला करता येते. आयोगाची नोटीस मिळण्याचा पत्ता कोणता द्यायचा, याचाही आधीच विचार करावा.

दुसऱ्या शस्त्रक्रियेची घाई करू नका. तीच बाजू पुन्हा उघडली की पहिल्या कामाचा पुरावा कायमचा बदलतो. म्हणून आधी धुळे किंवा नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, अथवा स्वतंत्र प्लास्टिक सर्जनकडे तपासणी करून सद्यःस्थितीचा लेखी अहवाल आणि तारखेसह छायाचित्रे घ्यावीत, आणि पू झाला तेव्हाचे नंदुरबारच्या डॉक्टरांचे केस पेपर त्यास जोडावेत. पुढील सर्जन निवडताना ‘कॉस्मेटिक सर्जन’ या पाटीवर जाऊ नका, एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. (प्लास्टिक सर्जरी) ही पदवी नोंदवहीत पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना देताना, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहणे हे पुरेसे प्रशिक्षण नाही, असे लिहून ठेवले, यावरून परिस्थिती किती बिघडली होती ते ध्यानात येते. भूलतज्ज्ञ कोण, शस्त्रक्रिया प्रत्यक्ष कोण करणार आणि प्रकृती बिघडल्यास कोठे हलवणार, ही उत्तरे लेखी मिळाल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका. हार्मोन्सच्या तपासण्या किंवा आपण घेत असलेल्या औषधांची साधी चौकशीही न करता थेट तारीख देणारा सर्जन टाळावा.

या आठवड्यात एक काम करा. क्लिनिकला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने अर्ज पाठवून ऑपरेशन नोट, भूल दिल्याची नोंद, संमतीपत्र आणि बिल यांच्या प्रती मागा. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या विनियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत कागदपत्रे देणे आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ती जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यांनी ती दिली नाहीत, तर पोस्टाची पोहोच जपून ठेवा आणि ती तक्रारीसोबत दाखल करा.