बाळासाठी तीन वर्षं घरी थांबले, तर प्रोटीन कॉम्प्लेक्सवरचं संशोधन कायमचं सुटेल का?

तुमचं पत्र वाचलं. एमएस्सी बायोकेमिस्ट्री, पाच वर्षं औषध कंपनीत एलसी-एमएस (मिश्रण वेगळं करून रेणूंचं वजन मोजणारं मशीन), आता बाळासाठी तीन वर्षं घरी आणि मग प्रोटीन कॉम्प्लेक्सवर, म्हणजे एकमेकांना धरून राहणाऱ्या प्रोटीनच्या जुळणीवर, पीएचडी, असा तुमचा बेत आहे, पण पीएचडीच आधी करावी का, ही शंकाही आहे. त्यावर तुमचे टीम लीड म्हणाले, "मशीन चालवणाऱ्याचा सायंटिस्ट होत नसतो." ते वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. २००८ साली पुण्यात, भर मीटिंगमध्ये, मला हेच ऐकवलं गेलं होतं.

आधी ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ कॅरोल रॉबिन्सन यांच्याबद्दल. सोळाव्या वर्षी शाळा सोडून त्या केंटमधल्या सँडविच गावी फायझरच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागल्या. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनवर, हात बसला तो तिथे. नोकरी सांभाळून, संध्याकाळचे वर्ग करून पदवी घेतली, मग स्वान्झीला मास्टर्स आणि केंब्रिजला पीएचडी. त्यानंतर तीन मुलांसाठी आठ वर्षं घरी. तुमची तीन आहेत, त्यांची आठ होती. परत आल्या त्या ऑक्सफर्डला, खालच्या पायरीवर. एकमेकांना धरून बसलेली प्रोटीन पाण्यातून काढून निर्वातात उडवली तरी धरूनच राहतात, हे त्यांनी एकेक करून दाखवलं: चौदा तुकड्यांचं, आठ लाख डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) ग्रोईएल हे जिवाणूतलं प्रोटीन, मग अख्खा रायबोसोम, म्हणजे पेशीतला प्रोटीन बनवणारा कारखाना, आणि २००८ मध्ये डिटर्जंटच्या मायसेलमध्ये, म्हणजे त्याच्या रेणूंच्या गोळ्यात, गुंडाळलेलं मेम्ब्रेन प्रोटीन, म्हणजे पेशीच्या पडद्यातलं प्रोटीन. २००१ मध्ये त्या केंब्रिजच्या रसायनशास्त्रातल्या पहिल्या महिला प्रोफेसर झाल्या, २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या. टीम लीडना हे सांगा. जमलं तर कोइची तानाकांचंही सांगा. जपानच्या शिमाद्झू कंपनीतले इंजिनिअर, पीएचडी नाही, आणि २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा.

आता माझं. सहा वर्षं घरी राहून मी एका खासगी लॅबमध्ये परत लागले होते. एका क्लायंटचं प्रोटीन द्रावणात जोडीने असतं का, एवढंच सांगायचं होतं. आमच्या सरांनी नेहमीची पद्धत लावली: अर्धं ॲसिटोनायट्राइल हे द्रावक, फॉर्मिक ॲसिड, स्कॅन ५०० ते २००० (मशीन वजन भागिले चार्ज, एवढंच मोजतं). सुट्या साखळीचे पीक, म्हणजे आलेखावरचे सुळके, आले. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, "कॉम्प्लेक्स आढळला नाही." मी म्हटलं, सर, ॲसिडमध्ये जोडी सुटणारच, आणि सुटली नसती तरी २००० च्या खाली ती दिसलीच नसती. उत्तर मिळालं की बटणं दाबणाऱ्यांनी इंटरप्रिटेशन करू नये. खोलीत नऊ जण होते. कुणी मान वर केली नाही.

त्या शनिवारी क्यूटॉफ, म्हणजे मोठे रेणूही दाखवू शकणारं मास स्पेक्ट्रोमीटर, रिकामं होतं. बोटाला सुई टोचून स्वतःच्या रक्ताचा एक थेंब घेतला. त्यातलं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं कॉम्प्लेक्स असतं. पेशी धुतल्या, फोडल्या, सेंट्रिफ्यूज करून वरचं लाल पाणी घेतलं आणि २०० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेटमध्ये (जोडी न सोडवणारं, मशीनमध्ये उडून जाणारं द्रावण) दोनदा बफर बदलला. रक्तातलं मीठ राहिलं तर सोडियम चिकटून पीक पसरतात, तिथे घाई चालत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेच्या सुईत दोन मायक्रोलिटर भरले, मायक्रोस्कोपखाली चिमट्याने टोक जेमतेम मोडलं. कॉम्प्लेक्स धक्क्याने तुटू नये म्हणून कोन व्होल्टेज खाली, सोर्सचं प्रेशर वर, स्कॅन ५००० पर्यंत. पहिल्या दोन सुया बंद पडल्या. तिसरीला ३५८० च्या जरा वर एक पीक उभा राहिला, मग ३७९० च्या पुढे सगळ्यात उंच, मग ४०३० जवळ. अठरा, सतरा, सोळा चार्ज.

कागदावर गणित मांडलं. दोन अल्फा साखळ्या, प्रत्येकी १५,१२६. दोन बीटा, प्रत्येकी १५,८६७. बेरीज ६१,९८६. पीकवरून येणारं वजन मात्र ६४,४५० च्या वर. मधले साधारण २,४६६ म्हणजे चार हीम (लोह धरणारे, लाल रंगाचे छोटे रेणू), प्रत्येकी ६१६.५. चारही साखळ्या, चारही हीम, सगळं जागच्या जागी, माझ्याच रक्तातलं. मग तेच सॅम्पल ॲसिडमध्ये घालून सरांच्या पद्धतीने चालवलं. सुट्या साखळ्या आल्या आणि डावीकडे ६१६ ला एकटा हीम. दोन्ही प्रिंट शेजारी शेजारी ठेवून मी किती वेळ बसले होते, आठवत नाही. घरी जायला रात्रीचे नऊ वाजले.

सोमवारी दोन्ही कागद सरांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी पाहिले, बाजूला सारले. क्लायंटचा रिपोर्ट बदलला नाही. वर्षभरात मी ती जागा सोडली, पस्तिशी उलटल्यावर पीएचडीला बसले, आणि आज माझ्या हाताखाली जे आहेत त्यांना पहिल्या आठवड्यात हाच हिमोग्लोबिनचा प्रयोग करायला लावते.

म्हणून माझं स्पष्ट मत: या क्षेत्रात मशीनवर बसलेला माणूस हाच अर्धा सायंटिस्ट असतो. सोर्स उघडून साफ करणं, कॅलिब्रेशन सरकलंय हे पीकच्या आकारावरून ओळखणं, या गोष्टी कुठल्या लेक्चरला बसून येत नाहीत. तुमची पाच वर्षं हे भांडवल आहे. घरी असताना डेटा ॲनालिसिसकडे वळा, ते घरून होतं, असं दहा जण सांगतील. शिका जरूर, पण परत येताना मशीनकडेच या. आणि टीम लीडशी वाद तोंडाने घालू नका, स्पेक्ट्रम घेऊन घाला. फक्त ट्रिपल क्वाडवर, म्हणजे औषध कंपन्यांत असतं त्या छोट्या रेणूंच्या मशीनवर, हा प्रयोग करायला जाऊ नका. तुमच्या मशीनचा पल्ला बहुधा दोन-तीन हजारांवर संपतो, आणि टेट्रामर, म्हणजे चार साखळ्यांचं अख्खं हिमोग्लोबिन, साडेतीन हजारांपलीकडे सुरू होतो.

पीएचडी आधी की बाळ आधी, हे खरं तर तुम्ही विचारलं होतंत. त्याचं एकच उत्तर मला देता येत नाही. माझ्या सासूबाईंनी दोन्ही मुलं सांभाळली म्हणून मला शनिवार मिळाला, हे आधीच सांगायला हवं होतं. रॉबिन्सनबाईंच्या देशात नोकरी करता करता शिकायची सोय होती, आपल्याकडे ती फार थोड्या कंपन्या देतात. खंडानंतर परतणाऱ्या बायकांसाठी डीएसटीची (केंद्राचा विज्ञान-तंत्रज्ञान विभाग) वाइज-किरण आणि डीबीटीची (जैवतंत्रज्ञान विभाग) बायोकेअर या योजना आहेत. वयाच्या अटी बदलत असतात, अर्जाआधी ताजी जाहिरात वाचा. आणि आपल्या देशात क्यूटॉफ किंवा ऑर्बिट्रॅप या मशीनवर नेटिव्ह काम, म्हणजे कॉम्प्लेक्स न तोडता मोजण्याचं काम, करणारे गट मोजके आहेत, म्हणून गाइड निवडताना आधी मशीन बघा, मग नाव.

बायोडेटात खंड कसा लिहू, असंही विचारलंय. मी सरळ लिहिलं होतं: "२००० ते २००६, घरी, दोन मुलांचं संगोपन." पीएचडीच्या मुलाखतीला ती ओळ कुणी वाचलीसुद्धा नाही. हिमोग्लोबिनचे ते दोन प्रिंट मात्र वीस मिनिटं टेबलावर होते.