तुरुंग, खोडा आणि खोड

एका वाचकाने विचारले आहे की ‘तुरुंग’ हा शब्द आता गावंढळ मानावा काय, आणि त्याच्या जागी ‘कारागृह’ लिहावे की अलीकडे बातम्यांतून ऐकू येणारे ‘सुधारगृह’.

‘कारागृहा’चा निकाल लवकर लागतो. संस्कृतात ‘कारा’ म्हणजेच बंदिशाळा, तेव्हा पुढचे ‘गृह’ केवळ शोभेचे आहे; सरकारी पाटीवर ते खुशाल राहावे. ‘सुधारगृह’ मात्र ऐकवत नाही. ‘बालसुधारगृहा’तला ‘बाल’ तेवढा पुसून उरलेला शब्द प्रौढांच्या जेलला चिकटवणारे निवेदक शिक्षेचा हेतू हाच तिचा परिणाम म्हणून खपवतात. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत चारांपैकी तीन जण कच्चे कैदी होते. ज्यांचा गुन्हाच अजून शाबीत झालेला नाही, त्यांची सुधारणा कसली करायची?

आता ‘तुरुंगा’कडे वळू, कारण खरी गंमत तेथे आहे. हा शब्द ‘पगार’ आणि ‘चावी’ यांच्याबरोबर पोर्तुगिजांकडून आला. मूळ शब्द ‘त्रोंको’, उच्चारात जवळजवळ ‘त्रोंकु’. आपल्या जिभेने आरंभीचे जोडाक्षर फोडले, शेवटचा स्वर टाकला आणि ‘क’चा ‘ग’ केला. मल्याळममध्ये ‘तुरुंक्’ आणि मलायी भाषेत ‘तरुंकु’ हे याच शब्दाचे अवतार आहेत. तुरुंगाचा संबंध संस्कृत ‘तुरंगा’शी, म्हणजे घोड्याशी, लावून त्याला तबेला ठरवणाऱ्या पंडितांनी पोर्तुगीज जहाजे मलायी मुलखातल्या मलाक्क्यापर्यंत गेली होती एवढे तरी ध्यानात घ्यावे, तेथल्या बंदरात हा घोडा कसा उतरला, हे त्यांनी सांगितलेले नाही.

‘त्रोंको’चा मूळ अर्थ झाडाचे खोड. ओंडक्याला भोके पाडून त्यांत कैद्याचे पाय अडकवत, म्हणून त्या ओंडक्याला हे नाव पडले आणि पुढे ते साऱ्या बंदिशाळेला लागले. आपल्याकडे याच यंत्राला ‘खोडा’ म्हणतात, आणि शेजाऱ्याने बांधकामात खोडा घातला असे म्हणताना आपण नकळत त्याच ओंडक्याची आठवण काढतो. येथे माझी एक आवडती उपपत्ती मांडतो, कोशकारांनी हवे तर नाक मुरडावे: वाईट सवय या अर्थाची ‘ती खोड’ आणि झाडाचे ‘ते खोड’ हे दोन्ही शब्द मला एकाच मुळाचे वाटतात, कारण दोन्ही वयाबरोबर जाड आणि ताठ होतात. तसे असेल तर खोड मोडण्यासाठी माणसाला खोड्यात घालणे, हा शिक्षेचा सगळा सिद्धान्त मराठीने तीन शब्दांत आधीच सांगून ठेवलेला आहे.

तो सिद्धान्त फसतो कोठे, हेही ओंडक्यावरूनच कळते, कारण खोड्यात अडकलेला पाय सुधारत नाही, आखडतो. दार केव्हा उघडायचे, दिवा केव्हा मालवायचा, जेवायचे केव्हा, यांतले काहीच वर्षानुवर्षे स्वतः न ठरवलेला माणूस सुटून घरी आला की बंद दारापुढे कोणी ते उघडील म्हणून उभा राहतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्लेमर यांनी 1940 मध्ये तुरुंगाच्या रीतीभाती अंगी मुरण्याला ‘प्रिझनायझेशन’ असे नाव दिले. त्याला मराठीत ‘कारागृहीकरण’ म्हणणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की ‘अंगवळणी पडणे’ आपल्या घरात असताना हा दगड उचलू नये, ‘तुरुंगवळण’ म्हणावे.

मूळ प्रश्न राहूनच चालला होता: ‘तुरुंग’ बेधडक लिहावे. ‘सुधारगृहा’ला माझी हरकत नसेल अशी जागा एकच आठवते, ती म्हणजे आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, जेथे औंध संस्थानाने 1939 मध्ये कैद्यांना कुटुंबासह राहून शेती करण्याची मुभा दिली. पण त्या जागेला ‘खुली वसाहत’ म्हणतात.