कीबोर्ड बदलायची घाई नको

अरे, लॅपटॉपची बटणं नीट चालत नाहीत म्हणून लगेच नवा कीबोर्ड मागवू नकोस. ‘के’ दाबल्यावर २ उमटतोय? मग नम लॉक, म्हणजे काही अक्षरांच्या बटणांवरून आकडे उमटवणारी सोय, चालू राहिलंय, एवढंच. अक्षरं दाबूनही उमटत नसतील तर फिल्टर कीज बघ, म्हणजे पटकन किंवा पुन्हा पुन्हा दाबलेल्या बटणांकडे दुर्लक्ष करणारी सोय. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबली गेली की ‘सुरू करू का’ विचारतं आणि आपण न वाचता हो म्हणतो. मी यापायी एकदा अख्खा लॅपटॉप उघडला होता!

खरी कसोटी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर. तिथेही तीच बटणं मुकी असतील तर बिघाड हार्डवेअरचा. कदाचित नुसती रिबन केबल, म्हणजे कीबोर्ड आत जोडणारी चपटी वायर, सैल असेल. मात्र कीबोर्ड मधल्या भागात वर उचललेला दिसला तर बॅटरी फुगली असेल. मग चार्जर काढ, मशीन बंद कर, स्वतः उघडू नकोस.