परफेक्ट म्हणजे नेमकं किती परफेक्ट?

प्रश्न: ताई, मी परळला एका ऑफिसात ग्राफिक डिझायनर आहे. पोस्टर झालेलं असतं तरी माझ्या हातून सुटत नाही, अक्षर जरा इकडे, रंग जरा फिका असं करत रात्रीचे 2 वाजतात, डेडलाइन जाते आणि बोलणी खाते ती वेगळीच. गणपतीत मोदकाला कळ्या कमी पडल्या तर मी मोडून परत वळते, घरचे हसतात. परफेक्शनच्या मागे लागणं चूक आहे का, की बाकीचेच ‘चलता है’वाले आहेत? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अगं, ‘चलता है’वाले भरपूर आहेत, त्यात वाद नाही. पण परफेक्ट कशाला म्हणायचं हे आधी कुणीतरी ठरवावं लागतं. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये 14 वर्षांच्या नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये 10 पैकी 10 मिळाले तर स्कोअरबोर्डला ते दाखवताच येईना, तिथे 1.00 झळकलं! आणि 2006 पासून तर त्या खेळात अवघडपणाच्या गुणांना वरची मर्यादाच नाही, म्हणजे आता एकूण ‘परफेक्ट टेन’ कुणाला मिळूच शकत नाही, तरी मुली जीव तोडून खेळतातच की.

लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या कुणालाही विचार. जिथे माप महत्त्वाचं तिथे ड्रॉइंगवर नुसतं 25 मिलिमीटर लिहून भागत नाही, सोबत टॉलरन्स देतात, म्हणजे माप किती कमीजास्त चालेल ते, समजा प्लस-मायनस 0.05, कारण बरोब्बर 25 कुणाला जमत नाही आणि कुणी मागतही नाही. टॉलरन्स जितका आवळाल तितका खर्च वाढतो, मग ग्राइंडिंग आलं, तपासणी आली, रिजेक्ट माल आला. बेअरिंग बसतं तिथे हा खर्च करायचाच, बाहेरच्या झाकणाला कोण करतंय? तू झाकणालाही बेअरिंगचं माप लावून बसतेस, माझं म्हणणं एवढंच आहे.

तुझ्या मोदकाचंच बघ ना. उकड गरम असतानाच नीट मळली नाही, हाताला तेल-पाणी लावलं नाही की पारी चिरते, आणि चिरलेला मोदक वाफेवर फुटून सारण बाहेर येतं, तिथे अजिबात तडजोड नको. कळ्या 11 की 15, बाप्पा मोजत नाही (सासूबाई मोजत असतील तर तो वेगळा प्रश्न, वेगळं पत्र पाठव). पोस्टरलाही तेच. तारीख, फोन नंबर, नावांचं शुद्धलेखन, प्रिंटचं ब्लीड (कागद कापताना कडेला पांढरं राहू नये म्हणून बाहेर वाढवलेली छपाई) हे दहादा तपास, पण तो निळा रंग रात्री 1 वाजता बदललास तर सकाळी फक्त तुलाच कळणार.

अजून एक. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार मांडले: स्वतःकडून अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि ‘लोकांना माझ्याकडून परफेक्टच हवंय’ असं वाटत राहणं. हा तिसरा जास्त छळतो. तुझा कुठला हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, पण रात्री 2 वाजता पोस्टर आवडत नसतं म्हणून जागतेस की बॉस काय म्हणेल म्हणून, ते तुलाच बघावं लागेल.

पुढचं काम घेताना फाइल उघडायच्या आधी कागदावर लिही, काय काय झालं की हे पूर्ण. तेवढं झालं की पाठवून दे आणि लॅपटॉप बंद. आणि धाकधूक इतकी असेल की झोपच उडालीये, तर सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, मराठीतून बोलता येतं, फोन करायला लाजू नकोस.