अँटिगनीच्या सतरा ओळी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’ या ग्रीक शोकांतिकेचे अडीच हजार वर्षांतले सगळे अवतार त्यात बसवायचा तुझा मनोदय दिसतो, त्यातून प्रयोगांची जंत्री होईल, प्रबंध होणार नाही. त्यापेक्षा ९०४ ते ९२० या ओळी धर आणि त्यांच्याच मागे जा.

राजा क्रेऑनची बंदी मोडून भावाला मूठमाती दिली म्हणून मरणाच्या वाटेवर निघालेली अँटिगनी तिथे म्हणते, की पती किंवा मूल मेले असते तर मी राजाज्ञा मोडली नसती. पती दुसरा मिळाला असता, मूलही झाले असते, पण आईवडील पाताळात गेल्यावर नवा भाऊ कुठून जन्मणार? क्रेऑनला देवांचे अलिखित नियम सुनावणारी ती हीच का, असा प्रश्न तुलाही पडेल. जर्मन कवी गटेलाही तो पडला होता; या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणी घुसडलेल्या, असल्याचे एखाद्या पंडिताने सिद्ध करावे, अशी इच्छा त्याने १८२७ मध्ये बोलून दाखवली, आणि पुढे अनेक संपादकांनी त्या संशयास्पद म्हणून कंसात टाकल्या. अडचण अशी, की ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथात याच युक्तिवादाचा दाखला दिला आहे, आणि तोही दोष दाखवण्यासाठी नव्हे, तर न पटणाऱ्या विधानाला कारण कसे जोडावे याचा नमुना म्हणून. म्हणजे नाटकानंतर शंभरएक वर्षांत त्या संहितेत होत्याच. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडात इंटाफ्रेनीस या पर्शियन सरदाराची पत्नी सम्राट दारियसपुढे हेच बोलते; तो उतारा शेजारी ठेवून वाच. (मला त्या ओळी अस्सल वाटतात. शोकाचा तर्क असाच हट्टी असतो. पण माझ्या मतावर विसंबू नकोस.)

मग रूपांतरांकडे वळ. जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये १९४४ साली रंगमंचावर आलेले फ्रेंच नाटककार आनुईचे नाटक, १९७३चे दक्षिण आफ्रिकेतले ‘द आयलंड’, यांत भावाचा हा युक्तिवाद उरला आहे का, हे स्वतः संहिता उघडून पाहा. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या १९४८च्या नाटकापाशी मात्र जपून. त्याने कवी होल्डरलिनचे १८०४चे जर्मन भाषांतर हाताशी घेतले होते, म्हणून तुलना आधी होल्डरलिनशी, ग्रीकशी नंतर. माझ्या पहिल्याच निबंधात मी भाषांतरकाराने केलेला बदल दिग्दर्शकाच्या नावावर खपवला होता, आणि परीक्षकांनी तो भर सभेत दाखवून दिला.

पुढच्या भेटीला या ओळींचा ग्रीक पाठ आणि तू स्वतः केलेले मराठी भाषांतर घेऊन ये. आराखडा घरी राहिला तरी चालेल.