वाचकांचे प्रश्न : मोटारसायकली वरच्या मजल्यावर कशा चढवाव्यात?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यालगत आमची वडिलांच्या वेळची यंत्रमागाची शेड आहे. माग विकल्यावर खाली मी दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. वरच्या मजल्यावर पूर्वी सुताची गाठोडी असत, आता तो रिकामा आहे. लोखंडी गर्डरवर शहाबादी फरशी आणि वर पत्रा असे बांधकाम असून खालपासून वरच्या फरशीपर्यंत ११ फूट उंची आहे. दोन बुलेट, एक येझदी, एक राजदूत आणि एक आरएक्स १०० अशा पाच जुन्या गाड्या तिथे ठेवायच्या आहेत. जिना अडीच फुटी आहे. फॅब्रिकेशनवाले रॅम्प सुचवतात, तर घरची मंडळी म्हणतात की छपराच्या कैचीला (पत्रा पेलणाऱ्या तिकोनी सांगाड्याला) कप्पी बांधून चौघांनी दोराने ओढून घ्यावे. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण गाडी वर कशी न्यायची हे विचारले आहे, पण वर गेल्यावर तिचे वजन नेमके कशावर टेकणार, हे आधी पाहायला हवे. पाच गाड्यांचे मिळून वजन ७०० किलोंच्या घरात जाईल. हलक्या वाहनांच्या गॅरेजची जमीन भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे २५० किलो भार धरून आखतात, त्यामुळे गर्डर सुस्थितीत असतील तर पसरलेल्या वजनाची फारशी धास्ती नाही. खरी काळजी फरशीची आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड असून तो दाब चांगला सोसतो, मात्र वाक सोसत नाही आणि तुटताना आधी इशाराही देत नाही. सुताच्या गाठोड्याचे वजन सगळ्या फरशीवर पसरत असे. मधल्या स्टँडवर उभ्या केलेल्या बुलेटचे बहुतेक वजन मात्र स्टँडच्या दोन पायांवर, म्हणजे तळहाताहूनही लहान जागेवर येते. म्हणून प्रत्येक गाडीखाली एका गर्डरपासून दुसऱ्या गर्डरपर्यंत पोहोचणारे दोन लोखंडी चॅनल आडवे टाकावेत आणि त्यांवर जाड प्लेट बसवावी, म्हणजे भार फरशीला टाळून थेट गर्डरवर जाईल. गर्डरची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथला गंज हातोडीने ठोकून पाहावा. पापुद्रे सुटत असतील, तर स्थापत्य अभियंत्याने पाहिल्याशिवाय एकही गाडी वर नेऊ नये.

रॅम्पचा विचार सोडून द्यावा. २० अंशांचा चढ धरला तरी ११ फुटांसाठी ३२ फूट लांबीचा रॅम्प लागतो, आणि त्यावर १७० किलोंची बुलेट नुसती धरून ठेवायलाही ५८ किलोंचा जोर सतत लावावा लागतो. उतरवताना तर पुढच्या ब्रेकवरच सगळी भिस्त राहते आणि धुळीच्या पत्र्यावर चाक घसरते.

कैचीला कप्पी बांधण्याचा बेत याहून धोक्याचा आहे. वर पक्की बांधलेली एकच कप्पी ओढण्याची दिशा तेवढी बदलते, जोर कमी करत नाही. शिवाय खालून १७० किलोंचा जोर लावून १७० किलो उचलताना कैचीवर ३४० किलो लटकतात, आणि दोराला हिसका बसला की त्याहूनही जास्त. कैची पत्र्याच्या वजनासाठी आणि वाऱ्यासाठी बनवलेली असते. तिला टांगलेल्या गाडीखाली माणूस उभा राहावा, हे मला कदापि मान्य नाही.

माझी शिफारस हाताने चालवायच्या एक टनी चेन ब्लॉकची, म्हणजे साखळी ओढून ओझे उचलणाऱ्या यंत्राची आहे. साखळी हातातून सुटली तरी त्यातील ब्रेक ओझे जागच्या जागी धरून ठेवतो, आणि एक माणूस सावकाश बुलेट उचलू शकतो. हा ब्लॉक छपराला न टांगता, जमिनीपासून उभ्या केलेल्या स्वतंत्र लोखंडी चौकटीच्या गर्डरवर ट्रॉलीसह बसवावा. गाडी वर घेण्यासाठी वरच्या फरशीत मोकळा खण (भोक) ठेवून हा गर्डर त्यावरून आतल्या फरशीपर्यंत न्यावा, म्हणजे वर आलेली गाडी ट्रॉलीसह आत ढकलता येते. खण करताना मजल्याच्या दोन गर्डरमधील फरश्या तेवढ्या काढाव्यात, गर्डर कापू नये. खणाभोवती किमान एक मीटर उंचीचा कठडा आणि आतल्या बाजूला फाटक हवे.

खरेदीपूर्वी दोन मापे घ्यावीत. बाजारात सहज मिळणाऱ्या ब्लॉकची उचल (ओझे किती उंच नेता येते ते माप) बहुधा तीन मीटर असते, आणि आपल्याला ११ फूट व वर थोडी मोकळीक मिळून साडेतीन मीटर लागतील. तेव्हा साखळी लांब मागवावी. दुसरे माप वरच्या मजल्यावरचे. गाडी, तिच्यावरचे पट्टे, हुक आणि ब्लॉक यांची उंची मिळून फरशीपासून चौकटीच्या गर्डरपर्यंत सात फूट तरी मोकळे हवेत. उतरत्या पत्र्याखाली नेमकी हीच जागा कमी पडते.

गाडी हँडलला, कॅरिअरला किंवा साडीगार्डला बांधून कधीही उचलू नये. येझदी आणि आरएक्स १०० या दोन्हींचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. अशा गाडीचा वाकलेला अस्सल भाग पुन्हा मिळवताना काय यातायात होते, हे गॅरेजवाल्यांना सांगायला नको. चॅनल आणि चेकर्ड प्लेटचा एक पाळणा करून घ्यावा. पुढच्या चाकाला अडण लावून पुढचे पट्टे हँडलखालच्या टीला (पुढचे दोन्ही फोर्क धरणाऱ्या आडव्या भागाला) आणि मागचे चिमट्याला (मागचे चाक धरणाऱ्या दांड्यांना) रॅचेटने आवळावेत, आणि पाळण्याचे चारही कोपरे वेगळ्या पट्ट्यांनी हुकला जोडावेत. हे टांगण्याचे पट्टे जितके उभे तितके बरे. दोन पट्ट्यांवर ओझे टांगले आणि ते आडव्या रेषेशी ३० अंशांवर आले, तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण वजनाइतका ताण पडतो. ६० अंशांवर तो ५८ टक्क्यांवर येतो. पहिल्या दिवशी गाडीऐवजी पाळण्यात सिमेंटची पाच पोती, म्हणजे २५० किलो, ठेवून वीतभर उचलावीत, अर्धा तास तशीच ठेवावीत आणि प्रत्येक वेल्डिंग पाहावे.

चढवण्यापूर्वी टाकीतील आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल पूर्ण काढावे व बॅटरी उतरवावी. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा मजला तापतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खणातून खाली, थेट आपल्या वेल्डिंगच्या जागेकडे, उतरते. रिकाम्या टाकीत थोडे इंजिन ऑइल फिरवून घ्यावे, म्हणजे आतून गंज चढणार नाही.

प्रश्न : याच कामासाठी बांधकामावर वापरतात तसा विजेचा छोटा होइस्ट (वायरने ओझे वर ओढणारे यंत्र) चालेल का?
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : चालेल, पण त्यावर लिहिलेला आकडा नीट वाचावा. २००/४०० किलो असे लिहिलेले असते तेव्हा ४०० किलोंची क्षमता वायर दुहेरी करून जादा कप्पी लावल्यावरच मिळते. एकेरी वायरवर ती २०० किलोच असते आणि पाळण्यासह बुलेट त्या मर्यादेला जाऊन भिडते. म्हणून वायर दुहेरीच ठेवावी. तसे केल्यावर उचलीची उंची निम्मी होते, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे. रुळांमधून वर-खाली जाणारी विजेची बंद पेटी बसवायचा विचार असेल, तर ती लिफ्टविषयीच्या राज्याच्या २०१७ च्या कायद्याखाली येऊ शकते; त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी विद्युत निरीक्षक कार्यालयात लेखी विचारणा करावी. आणि कोणताही होइस्ट असो, पाळण्यात गाडी धरायला म्हणूनसुद्धा माणूस उभा करू नये. गाडी फिरू नये यासाठी पाळण्याला एक दोर बांधून तो बाजूला उभे राहून धरावा.